कॅमेरा तुमचाच आहे ना, मग भाडं कशाचं?

दुसऱ्या स्टुडिओच्या लग्नाच्या ऑर्डरवर स्वतःचा कॅमेरा घेऊन जाणाऱ्या फोटोग्राफरला हा प्रश्न लातूरपासून जालन्यापर्यंत कुठेही ऐकावा लागतो. उत्तर शेतात सापडतं. नांगरटीला येणारा ट्रॅक्टरवाला एकरी पैसे घेतो. त्यात डिझेल येतं, ड्रायव्हरची मजुरी येते आणि ट्रॅक्टरची झीजही येते. ट्रॅक्टर तुझाच आहे, फक्त डिझेलचे घे, असं त्याला कुणी म्हणत नाही. ट्रॅक्टरवाल्याला त्याचा आकडा तोंडपाठ असतो. फोटोग्राफी करणाऱ्या बहुतेकांनी आपला आकडा कधी कागदावर काढलेलाच नसतो, आणि गाडी तिथंच अडते.

म्हणून आधी हिशेब. हाताचे पैसे, म्हणजे मजुरी, वेगळे, मशीनचे वेगळे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी आपली बिलं ठेवा. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, 1,70,000, 24-70 मिमीची झूम लेन्स 90,000, फ्लॅश, चार बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड मिळून 40,000. एकूण 3,00,000. चार वर्षं वापरून हा संच 80,000 ला गेला असं धरा. झिजेत गेले 2,20,000, म्हणजे वर्षाला 55,000. दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग 14,000, विमा 6,000, बॅटऱ्या-कार्ड बदलणं 8,000. तीन लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी 36 हप्त्यांत फेडलं तर व्याज साधारण 69,000 होतं, चार वर्षांवर पसरलं की वर्षाला 17,000. बेरीज बरोबर 1,00,000.

आता भागाकार. इथे बहुतेक जण 365 ने किंवा 300 ने भागतात आणि स्वतःला फसवतात. आपल्याकडे लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, पौषात मंदावते, माघ-फाल्गुनात पुन्हा धरते आणि वैशाख-ज्येष्ठात कळसाला जाते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कॅमेरा कपाटात. साखरपुडे, बारसे, डोहाळजेवणं धरूनही 65 दिवस भरले तर चांगला हंगाम म्हणायचा. त्यात अधिक मास कुठे पडतो तेही बघावं लागतं. 2023 चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला, त्याने काही बिघडलं नाही. 2026 चा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन सराईतले तीस दिवस. लाखाला 65 ने भागलं की दिवसाला 1,538 येतात. हा फक्त खर्च झाला, कमाई नाही. त्यावर वीस-पंचवीस टक्के चढवून 1,900 सांगा आणि त्याच्या खाली उतरू नका. खाली उतरलात की पुढचा कॅमेरा पुन्हा हप्त्यावरच घ्यावा लागतो.

दुरुस्तीचे 14,000 कुणाला जास्त वाटतील. कॅननच्या 5डी मार्क 4 या कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे दर क्लिकला उघडझाप करणारा पडदा, कंपनीने 1,50,000 क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. कॅण्डिडवाला, म्हणजे पोझ न देता सहज क्षण टिपणारा, एका लग्नात 2,000 फ्रेम सहज काढतो. 65 दिवसांत 1,30,000 झाले. दीड लाख झाले की शटर लगेच मोडतं असं नाही, पण चार वर्षांत एकदा तरी बदलावं लागणार हे धरूनच चाला. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे पडदा न हलवता फोटो घेण्याची सोय, वापरून क्लिक वाचवता येतात, पण स्टेजवरच्या एलईडी लाइटखाली फोटोत आडवे पट्टे येतात. रिसेप्शनला म्हणून मेकॅनिकल शटरच लागतं. व्हिडिओवाल्याचं शटर झिजत नाही, त्याचे पैसे साठवणीत जातात. 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) 4के रेकॉर्डिंग तासाला 45 जीबी खातं. चार तासांचं फुटेज 180 जीबी, दोन प्रती ठेवल्या की 360. चार टीबीची हार्ड डिस्क अशा दहा-अकरा लग्नांत भरते. डिस्कचा खर्च मशीनच्या भाड्यात मिसळू नका. ती स्टुडिओने आणून द्यावी नाहीतर वेगळी लावावी.

मराठवाड्यातलं ऊन हा हिशेबातला स्वतंत्र भाग आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं, लहान ड्रोनचंही वरचं टोक बऱ्याचदा 40 च. परभणी-नांदेडला वैशाखात पारा त्याच्या वर असतो आणि मुहूर्त दुपारी साडेबाराचा असतो. 4के चालू असताना कॅमेरा मंगलाष्टकांतच बंद पडतो, कारण सेन्सर आणि प्रोसेसरच्या उष्णतेत बाहेरच्या उन्हाची भर पडते. स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा म्हणजे मागची उष्णता निघते. सोनीमध्ये उष्णतेने बंद होण्याची सेटिंग ‘हाय’वर ठेवा. दोन क्लिपच्या मधे कॅमेरा पांढऱ्या रुमालाखाली सावलीत ठेवा. अशा लग्नाला दुसरी बॉडी लागतेच, आणि ती पिशवीतून बाहेर निघो न निघो, तिचं निम्मं भाडं लावणं योग्य आहे. ती तुमच्याकडे अडकून पडलेली असते.

हळदीच्या दिवसाचं वेगळं. कोरडी हळद आणि रंग फोकस रिंगच्या फटीत शिरतात आणि महिन्याभराने रिंग फिरवताना करकर लागते. लेन्सवर साधा क्लिअर फिल्टर लावा, बॉडीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला आणि मांडवात लेन्स बदलूच नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कापड आधी फिरवलं तर कण काचेवर घासले जातात. हळदीच्या ऑर्डरला सफाईचे दोन-तीनशे रुपये जास्त लावले तर त्यात गैर काही नाही.

चार्जर जळणं ही तक्रार सगळ्यात जुनी. मांडवाच्या जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवर 230 च्या जागी 300 व्होल्टच्या वर जातात. बहुतेक चार्जर 100 ते 240 साठी बनवलेले असतात. बॅटऱ्या रात्रीच घरून भरून न्या, नाइलाज झाला तर पॉवर बँकेवरून यूएसबीने चार्ज करा. डीजे आणि हॅलोजन ज्या बोर्डावर आहेत त्याला हातही लावू नका.

ड्रोनचं भाडं कॅमेऱ्यासारखं काढून चालत नाही. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट (ड्रोन उडवण्याचा परवाना) आणि थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) लागतो, त्यांचा खर्च दरात आला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवरच्या लॉन्सची ऑर्डर असेल तर इसार घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटच्या नकाशावर ती जागा तपासा, चिकलठाणा विमानतळ जवळ आहे. जागा लाल, म्हणजे उड्डाणबंदीच्या, पट्ट्यात निघाली तर ड्रोन नाही म्हणून तेव्हाच सांगा.

विम्याचं एकच सांगतो. पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचारा: धंद्यासाठीचा वापर चालतो का, हातातून पडलेलं धरतात का, उभ्या गाडीतून चोरी झाली तर देतात का. बिल तुमच्या नावाचं आणि त्यावर सिरीयल नंबर हवा. बिनबिलाचा जुना कॅमेरा घेतला असेल तर क्लेम अडकतो.

वाळूज-शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीचं काम असलं की टीडीएसचा, म्हणजे बिलातूनच कापल्या जाणाऱ्या आयकराचा, प्रश्न येतो. यंत्राच्या नुसत्या भाड्यावर 2 टक्के, व्यावसायिक फीवर 10 टक्के. पण कॅमेरा तुम्ही स्वतः चालवत असाल तर ते नुसतं भाडं होत नाही. कंपनीने पूर्ण बिलावर फीचा दर लावला तर वाद घालू नका, कापलेली रक्कम रिटर्नमध्ये हिशेबात येते. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटीची ओळ टाकू नका.

दर सांगायचा कसा? तोंडी नाही. ऑर्डर धरली त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून टाका:

“दादा, 24 तारीख धरली. माझी मजुरी 3,000. बॉडी, 24-70 आणि फ्लॅश मिळून 1,900. दुसरी बॉडी सोबत ठेवतो, तिचे 700. सकाळी 8 ते रात्री 8, पुढे तासाला 500. हार्ड डिस्क तुमची. पाहुण्यांच्या धक्क्याने किंवा मांडवाच्या लाइटने सामान बिघडलं तर दुरुस्तीचं बिल तुमच्याकडे. इसार 2,000 पाठवा.”

यात हाताचे आणि मशीनचे पैसे वेगळे दिसतात. दादा, म्हणजे स्टुडिओवाले, म्हणाले, कॅमेरा आमचा वापर, तर 1,900 आणि 700 दोन्ही वजा होतात, 3,000 कायम राहतात. घासाघीस मशीनवर होते, मजुरीवर येत नाही. घरच्या लोकांशी थेट बोलताना मात्र इतकी फोड करू नका, त्यांना एकच आकडा द्या. नवरीच्या वडिलांना फ्लॅशचं भाडं वाचून दाखवलं तर त्यांना ते लुबाडणं वाटतं.

सामान तुमच्याशिवाय एकटं जाणार असेल तर देताना समोरच्याच्या देखत बॉडी-लेन्सचे सिरीयल नंबर, पुढच्या काचेचा टॉर्च मारून फोटो आणि शटर काउंट (आतापर्यंतच्या क्लिकचा आकडा) त्याच चॅटमध्ये टाका. परत घेताना माउंटवरच्या (बॉडीला लेन्स जिथे बसते तिथल्या) पिना बघा, फोकस रिंग एकदा पूर्ण फिरवून कानाला लावा, एफ 16 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग मोजा. डिपॉझिट त्यानंतर परत करा.