काट्यापेक्षा शिंप्याचा टेप

कोल्हापूर ते खोपोलीजवळचं इमॅजिका हे मनोरंजन पार्क, तीनशेहून अधिक किलोमीटर. एवढं जाऊन, तासभर रांगेत उभं राहून, राइडचा बार अंगावर लॉक होत नाही म्हणून सीटवरून उठावं लागलं तर दिवस वाया जातो. माझं वजन ११८ किलो. तरी तयारी करताना मी वजनकाट्याकडे नाही, शिंप्याच्या टेपकडे बघतो.

बहुतेक रोलर कोस्टरवर खरा प्रश्न लॉक लागतो का, हाच असतो. सारख्या वजनाच्या दोघांपैकी एक मावतो, दुसरा नाही. घरी ताठ पाठीच्या खुर्चीत बसून मी तीन मापं घेतो: काखेखालून छाती, बेंबीवर पोट, मांडीचा सर्वांत जाड भाग. उभ्यानं घेतलेलं पोटाचं माप कामाचं नाही, बसल्यावर ते वाढतं.

इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या, खांद्यावरून हार्नेस येणाऱ्या राइडवर छाती अडते. अशा बऱ्याच हार्नेसला पायांमधल्या बकलात अडकणारा पट्टा असतो. हार्नेस किमान किती खाली यायला हवा, ते तो पट्टा ठरवतो. म्हणून पट्टा पोचत नसेल तर तिथं घासाघीस नाही, उठायचं. गेटजवळ नमुन्याची सीट असेल तर रांगेआधीच बसून बघा. नसेल तर ऑपरेटरला विचारा.

बसायची पद्धतही आहे. खिसे रिकामे. कंबर सीटच्या अगदी मागं टेकवून पाठ ताठ, मग श्वास सोडत बार खाली. पुढं सरकून बसल्यानं दोन-तीन इंच सहज जातात, आणि लॉक न लागण्याचं हे नेहमीचं कारण. कमरेचा पट्टा असेल तर तो पोटावरून नको, पोटाखालून, जांघेलगत.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे दोघांत एकच असलेला लॅप बार, म्हणजे मांड्यांवर येणारा आडवा दांडा. तो जाड माणसाच्या मांडीवर थांबतो आणि शेजारच्या पोराच्या मांडीवर वीतभर फट राहते. उसळीत पोरगं त्या फटीतून वर सरकतं. "बाबांजवळ बस" हे इथं चुकीचंच. मी अशा राइडवर माझ्या अंगलटीच्या माणसाबरोबरच बसतो, मुलगा बारीक मावसभावाबरोबर.

वॉटर स्लाइडवर मात्र वजनच मोजतात, आणि तराफ्यावर सगळ्यांचं मिळून. तिथं आकडा खरा सांगायचा. वजन जास्त झालं की वळणावर तराफा कडेला चढतो. आपल्याकडं मैदानात लागणाऱ्या आकाशपाळण्यातही तोल समोरासमोरच्या पाळण्यांवर असतो, त्यामुळं पाळणेवाला "त्या पाळण्यात बसा" म्हणाला की तिथंच बसायचं.