रडीचा डाव, १२० वेळा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हा विषय काढला की घरातले एकेक करून पाणी प्यायला उठतात. प्रश्न ठरलेला असतो, बेसबॉलमध्ये चांगला बॅटर आला की मुद्दाम लांब बॉल टाकून त्याला फुकटात पहिल्या बेसवर पाठवतात, हा रडीचा डाव नाही का?

आहे की. पण क्रिकेटमध्ये आपण काय वेगळं करतो, सेट झालेल्याला फिल्डर पांगवून सिंगल देतो आणि अकरा नंबरवाला स्ट्राइकवर आला की सगळे परत जवळ. बेसबॉलवाले निदान मोजून तरी ठेवतात, १९५५ पासून इंटेन्शनल वॉकचा, म्हणजे या मुद्दाम दिलेल्या फुकटच्या बेसचा, वेगळा अधिकृत कॉलम आहे आणि त्यात कोण कोणाला किती टरकलं होतं ते दिसतं.

२००४ ची सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ही टीम बघा. एकट्या बॅरी बॉंड्सला १२०! आधीचा रेकॉर्ड त्याचाच, २००२ चा ६८, आणि त्याआधी जायंट्सच्याच विली मॅककोवीचे १९६९ चे ४५. बॉंड्स त्या सीझनला ६१७ वेळा बॅटिंगला आला म्हणजे जवळपास दर पाचव्या खेपेला 'जा बाबा तू', साधे वॉक, म्हणजे मुद्दाम नाही पण बॉल लांब पडले म्हणून मिळालेले, तेही धरले तर २३२. (स्टेरॉइड्सचे आरोप माहितीयेत मला, त्यावर भांडायचं तर वेगळं भांडू.) लोक तिकीट काढून त्याची बॅटिंग बघायला येणार आणि दिसणार काय, तर कॅचर, म्हणजे त्यांचा विकेटकीपर, उभा राहून बाजूला हात पसरतोय, कारण तेव्हा ते बॉल खरंच टाकावे लागायचे, २०१७ पासून नुसती खूण केली की झालं. मग प्रेक्षक भिंतीवर रबरी कोंबड्या लटकवायचे, तिकडे भित्र्याला कोंबडी म्हणतात, आपल्याकडे भागूबाई.

पण खरी गंमत १९६१ च्या न्यूयॉर्क यांकीज टीममध्ये आहे. रॉजर मॅरिसने ६१ होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारले आणि त्याला इंटेन्शनल वॉक किती? शून्य. कारण त्याच्यानंतर बॅटिंगला मिकी मँटल, तोही तसाच तगडा, मॅरिसला सोडून जाणार कुठे! म्हणून मी म्हणते की हा आकडा जेवढा बॅटरचा तेवढाच त्याच्या मागून येणाऱ्याचा. बॉंड्सच्या मागे मँटल नव्हता, आणि ९१ मॅच जिंकूनही जायंट्स प्लेऑफला एका मॅचने हुकले.

आता हे देऊन फायदा होतो का, तर माझं मत नाही, आउट न करता रनर कशाला द्यायचा. २०१९ च्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी अख्ख्या सीझनमध्ये एकही दिला नाही आणि १०७ मॅच जिंकल्या.

फक्त २८ मे १९९८ ला माझं गाडं अडतं. जायंट्सविरुद्ध ॲरिझोना ८-६ ने पुढे, शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले आणि समोर बॉंड्स. ॲरिझोनाचा मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि एक रन हातात आणून दिला, ८-७. पुढचा ब्रेंट मेन, त्याने बॉल चांगला कडक मारला पण तो गेला थेट राइट फिल्डरच्या हातात. तिसरा आउट, मॅच ॲरिझोनाची.