तुम्ही विचारलंत म्हणून: आमदाराच्या पत्राने हॉस्पिटलचं बिल कमी होतं का?

लग्नात, रिक्षात, नाशिकला गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारात, कुठेही कळलं की मी चार वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात पत्रं टाइप करायचो, की हा प्रश्न येतोच.

होतं हो कधीकधी. पण ते पत्राने नाही. मोठं ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर 10 टक्के खाटा गरिबांना फुकट आणि अजून 10 टक्के सवलतीत द्यायच्या असा नियमच आहे, पत्र फक्त सांगतं की हे आम्हाला माहितीये. महात्मा फुले योजनेला, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेला, तर पत्र लागतच नाही, योजनेतल्या हॉस्पिटलात मदतीला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड-आधार दाखवायचं. आणि आरोग्य खात्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. तरी सकाळी नऊपासून बाक भरलेला आणि मी आपला 'सदर रुग्णाची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची असून' दिवसातून वीसदा बडवतोय.

साहेब माणूस चांगला. त्यांचं म्हणणं असं की योजनेत 5 लाखांचं कव्हर आहे ना, मग आपल्या माणसाने कॉलेज रोडच्या एसी हॉस्पिटलात का जाऊ नये, सरकारी दवाखाने किती वाढवत बसायचे. मला हे कधीच पटलं नाही. योजना सुरू होते ॲडमिट झाल्यावर, पोराचा ताप, शुगर-बीपीच्या दर महिन्याच्या गोळ्या हे त्यात कुठे बसतं? सुरगाण्यासारख्या लांबच्या आदिवासी तालुक्यातल्या माणसाला आधी जवळ डॉक्टर लागतो. आमदार निधी वर्षाला 5 कोटी, त्यातून ॲम्ब्युलन्स येते, एक्सरे मशीन येतं, पण पगार देता येत नाही, आणि एका ठिकाणी मशीनवरचं प्लास्टिक सहा महिन्यांनी पण तसंच होतं कारण चालवणाराच नाही.

एकदा मी स्वतःच अधिवेशनासाठी प्रश्न टाइप करून टेबलावर ठेवला, पेठ-सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यांत रिक्त जागा किती, कधी भरणार, शिवाय 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी 2020 पर्यंत बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा म्हटलंय त्याचं काय झालं. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग कसारा घाटात गाडीत म्हणाले, "अरे, पदं भरायची तर मंत्रालयात फाइलमागे पळायचं, आणि त्यात रिबीन कुठे कापायची?" खरं बोलले, एवढं मात्र मानतो. पुढच्या अधिवेशनाला बघू म्हणाले, ते अजून बघतायत.

पेठकडच्या एक मावशी आठवतात. मालकाची अँजिओप्लास्टी, रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. म्हटलं मावशी, पत्राची गरज नाही, सरळ आरोग्यमित्राकडे जा. ऐकून घेतलं सगळं, पण जागच्या हलेनात. "द्या तरी सायेबांचा कागद, मोठ्या दवाखान्यात रिकाम्या हाताने उभं राहायची भीती वाटते." टाइप केलं, शिक्का मारला, त्यांनी फुंकर घालून वाळवला आणि त्याच पिशवीत ठेवला.