आमची वाटचाल : टॉवेलच्या किलोमागे कार्बन किती?

सोलापुरात टॉवेलचा धंदा करणाऱ्याला सुताचा भाव, मजुरीचा दर आणि मालाचा जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. आमचंही तेच होतं. वडिलांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत साध्या मागांवर सुरुवात केली, पुढे रेपिअर माग आले, मग स्वतःचं डाय हाऊस, म्हणजे रंगाईचा विभाग. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नाव सांगायला अडचण कधी आली नाही. अडचण आली ती परदेशातल्या हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका खरेदीदाराने नवा तक्ता पाठवला तेव्हा. शेवटचा रकाना होता: तयार मालाच्या एका किलोमागे कार्बन उत्सर्जन.

आधी वाटलं, कागदी घोडे. पण त्याचं गणित समजून घेतलं तर सरळ आहे. मोठी कंपनी आपला कार्बन मोजते तेव्हा विकत घेतलेल्या मालाचा कार्बनही तिच्याच खात्यात येतो. त्याला ते ‘स्कोप ३’ म्हणतात. आपल्याकडेही सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बंधनकारक केला आहे. म्हणजे आज परदेशी गिऱ्हाईक विचारतंय, उद्या मुंबईचं विचारणार. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराची भीती मात्र आमच्याकडे उगाच पसरली होती. तो सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर आहे, टॉवेल त्यात नाही.

मोजणी आयएसओ १४०६७ या मालाचा कार्बन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करायची ठरली. हद्द कापसाच्या शेतापासून आमच्या गेटपर्यंत. सल्लागाराने पहिल्या बैठकीत वीजबिल मागितलं आणि मी अभिमानाने पूर्ण वर्षाची फाइल पुढे ठेवली. तो म्हणाला, “हे सगळ्या कारखान्याचं झालं. मागांचं किती, डाय हाऊसचं किती, शिलाईचं किती?” त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग विभागवार सब-मीटर बसले, बॉयलरच्या इंधनाची रोज वजन करून नोंद सुरू झाली. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, जनरेटरच्या एका लिटर डिझेलमागे २.७ किलोच्या आसपास. आहेरवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, तेव्हा आमच्या भागात हा हिशेब कोणाला फार समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यात मोठा वाटा निघाला सुताचा, म्हणजे माल आमच्या दारात येण्याआधीचा. टेरीला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम लागतात, एक ग्राउंडचा (पायाच्या विणीचा) आणि एक पाईलचा (वरच्या फासांचा). पाईलचा बीम पाहता पाहता रिकामा होतो, म्हणून टॉवेलमध्ये सूत भरपूर जातं. त्या सुतात सूतगिरणीची वीज असते आणि त्याच्याही मागे कापसाला घातलेला युरिया. युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक धरला जातो. म्हणजे मी कितीही ट्यूबलाइट बदलल्या तरी हा आकडा फारसा हलणार नव्हता. आम्ही गिरण्यांनाच वीज आणि उत्पादन यांचे आकडे विचारायला लागलो. काहींनी फोन उचलणं बंद केलं. एकीने दिले आणि तिची बरीच वीज पवनचक्कीची निघाली. सरासरी आकड्याऐवजी तिचा खरा आकडा घातला तर आमचा टॉवेल हलका झाला. सूत आता जास्त तिच्याकडून येतं. भाव उन्नीस-बीस असतो, पण काउंट (सुताची जाडी) सारखा मिळतो.

खरा पैसा मात्र डाय हाऊसमध्ये सापडला. आकडे शेडवार, म्हणजे रंगछटेनुसार, मांडल्यावर गडद निळ्याचा आणि मरूनचा किलोमागचा कार्बन पांढऱ्यापेक्षा वर असणार हे अपेक्षितच होतं, पण इतका? रंगाईच्या मास्तरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “मालक, शेड बसत नाही म्हणून लॉट परत टाकतो ना आपण.” परत टाकलेल्या लॉटला पुन्हा वाफ, पुन्हा पाणी, पुन्हा रंग, पुन्हा हायड्रो (पाणी पिळून काढणं). हा खर्च आजवर बॉयलरच्या एकूण बिलात विरघळून जायचा. शोध घेतला तर मूळ पाण्यात होतं: टँकर आणि बोअर यांचं पाणी मिसळायचं, जडपणा बदलायचा आणि जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं रिजनरेशन (तो पुन्हा ताजा करणं) अंदाजाने व्हायचं. आता प्रत्येक लॉटआधी जडपणा तपासून वहीत लिहितात. रिप्रोसेस इतकं उतरलं की मीटर आणि सल्लागार यांचा खर्च तिथेच वसूल झाला. कंडेन्सेटचं, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं, गरम पाणी गटारात जायचं, ते बॉयलरकडे वळवलं. इंधन बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ब्रिकेटचं केलं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात त्याचा तोटा नाही. त्याच्या धुराचा कार्बन जैविक म्हणून वेगळा दाखवावा लागतो, शून्य लिहून मोकळं होता येत नाही.

जास्त भाव मिळतो का, हे प्रत्येक जण विचारतो. नाही. कार्बन कमी म्हणून किलोला एक रुपयाही कोणी वाढवून दिलेला नाही. मिळालं ते एवढंच की पुरवठादारांच्या यादीत नाव टिकलं आणि चौकशीला उत्तर लगेच जातं. आणखी एक झालं. एका दलालाने सांगितलं, “तुमच्या शेजाऱ्याचा आकडा तुमच्या निम्मा आहे, भाव उतरवा.” मी हद्द विचारली. शेजाऱ्याने सूतच धरलेलं नव्हतं, मोजणी मागापासून सुरू केली होती. दोघांची हद्द एक नसेल तर आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, हे दलालाला लेखी पाठवलं. भाव तोच राहिला.

डोकेदुखी आहेच. प्रत्येक खरेदीदाराचा तक्ता निराळा आणि त्रयस्थाकडून तपासणी करून घ्यायची तर फी छोट्या कारखान्याला जड जाते. ही तपासणी दोन-चार जणांनी मिळून करून घ्यावी, असं माझं मत आहे.

आमच्या डाय हाऊसमध्ये बाहेरच्या छोट्या कारखान्यांचा मालही जॉबवर्कला येतो. त्या मालाची वाफ वेगळी काढावीच लागायची, नाहीतर त्यांचा कार्बन आमच्या टॉवेलवर चढला असता. आता त्यांचीही गिऱ्हाइकं विचारू लागली आहेत, म्हणून जॉबवर्कच्या बिलावर रंगाईच्या दराखाली आम्ही किलोमागचं इंधन, वीज आणि कार्बन छापून देतो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही.