सगळ्यांचा अर्थ ‘पूर्ण’च ना, मॅडम?

इंग्रजीत ‘पूर्ण’साठी इतके वेगवेगळे शब्द कशाला शिकवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या क्लासला तासगाव, पलूस, शिराळ्याकडची मुलं येतात, स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीसाठी. नवी बॅच सुरू झाली की पंधरा दिवसांत कुणीतरी वही पुढं करतंच. “मॅडम, कम्प्लीट, होल, एन्टायर, अटर, अ‍ॅब्सोल्यूट, डिक्शनरीत सगळ्यांपुढं ‘पूर्ण’च लिहिलंय. एकच पाठ केला तर चालंल न्हवं?”

नाही चालणार. का, ते सांगायला मला इंग्रजीआधी मराठीत जावं लागतं.

हळदीचं पोतं भरताना पाहिलंय ना? दाबून दाबून भरायचं, काठापर्यंत आलं की तोंड शिवायचं. कम्प्लीट म्हणजे हे. लॅटिनमधल्या ‘भरणे’ या क्रियापदापासून तो आला. म्हणून जे तुकड्यातुकड्यानं भरत जातं, ज्यात काही कमी राहू शकतं, त्याला तो शोभतो: पुस्तकांचा संच, अर्ज, यादी. पुरावरच्या निबंधात मुलं हमखास लिहितात, ‘कम्प्लीट व्हिलेज वॉज अंडर वॉटर’. गाव काही पोत्यासारखं भरत आणलेलं नसतं. तिथं होल हवा. होल, हील, हेल्थ ही एकाच कुळातली मंडळी. होलचा जुना अर्थ धडधाकट, शाबूत. आपण म्हणतो ना, “घरात एक वस्तू धड राहिली नाही”? ते ‘धड’ म्हणजे होल.

एन्टायर होलच्या शेजारचा, पण त्याचं मूळ मला फार आवडतं. तो लॅटिनमधल्या ‘इन्टेजर’पासून फ्रेंचमार्गे आला, आणि इन्टेजर म्हणजे ज्याला हात लागलेला नाही असा. गणितातल्या पूर्णांकालाही इंग्रजीत हेच नाव आहे. हे शिकवताना मला लग्नातल्या अक्षता आठवतात. अ-क्षत, न मोडलेला तांदूळ. कम्प्लीटमध्ये भरून पुरं केल्याचं समाधान आहे, तर एन्टायरमध्ये मुळात काही फुटलंच नाही याचं. दोन्हींना ‘पूर्ण’ म्हणून मोकळं झालं की हा फरक हातातून निसटतो.

अ‍ॅब्सोल्यूट या दोघांपेक्षा वेगळ्या घरचा. त्याच्या मुळाशी ‘सोडवणे, मोकळं करणे’ आहे. कशालाच बांधलेला नाही, कशाच्या आधारानं उभा नाही, असा. आपला ‘निरपेक्ष’ त्याच्या फार जवळ जातो. सेल्सिअसचं शून्य पाण्याच्या गोठण्यावर ठरवलं. पाण्याऐवजी दुसरं काही धरलं असतं तर ते शून्य दुसरीकडं गेलं असतं. उणे २७३.१५ अंशांवरचं अ‍ॅब्सोल्यूट झिरो तसं नाही. तिथं उष्णतेचा तळच लागतो, आणि तो तळ कुणी कुठली मोजपट्टी घेतली यावर हलत नाही.

‘पूर्ण’सारखंच ‘अमर्याद’चंही होतं, म्हणून अनलिमिटेड आणि बाउंडलेसबद्दल थोडंच सांगते. अनलिमिटेड थाळी, अनलिमिटेड डेटा यांत मर्यादा कुणीतरी काढून दिलेली असते. बाउंडलेसला ती नव्हतीच. म्हणून उत्साह बाउंडलेस असतो, आणि रिचार्जच्या जाहिरातीत तो शब्द दिसत नाही.

आता अटर. याच्यासाठी मी मुलांना आयर्विन पुलावर नेते, म्हणजे मनानं. १९२९ पासून हा पूल कृष्णेवर उभा आहे आणि सांगलीकर पाण्याची उंची त्याच्यावरच मोजतात. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलीकडचा काठ राहिलाच नाही. पार म्हणजे तो पलीकडचा काठ, आणि ज्याला पार नाही ते अपार. हा शब्द मी लहानपणापासून वापरत होते, पण तो डोळ्यांनी पाहिला त्या आठवड्यात. त्याच ‘पार’चं आपण क्रियाविशेषणही करतो. पार वाट लागली, पार थकून गेलो. इंग्रजीतही असंच झालंय: थरो, म्हणजे कसून पूर्ण केलेला, हा शब्द थ्रू म्हणजे ‘आरपार’ याचंच रूप.

अटर जुन्या इंग्रजीतल्या ‘बाहेरचा’ अशा अर्थाच्या शब्दातून आला. शिवेच्या बाहेर गेलेला. मराठीत आपण म्हणतो, “हद्द झाली!” मूर्खपणाची हद्द, खोटेपणाची हद्द. कुणाच्या चांगुलपणाची हद्द झाली असं सहसा म्हणत नाही. अटरची संगतही बहुतेक अशीच: अटर नॉनसेन्स, अटर फेल्युअर, अटर केऑस. आनंदाबरोबर तो कधीमधी दिसतो, पण त्याचं खरं बिऱ्हाड वाईटाकडं.

हे मी पुराच्या वर्षी एका मुलीला नीट सांगितलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे. तिच्या घरात पाणी शिरलं होतं. मिरजेत मावशीच्या शेजाऱ्यांनी, ज्यांची आधी ओळखही नव्हती, तिच्या घरच्या सगळ्यांना ठेवून घेतलं, आपली खोली रिकामी करून दिली. तिनं निबंधात लिहिलं, ‘दे शोड अस अटर काइंडनेस’. मी अटरभोवती लाल गोल काढला, बाजूला ‘चुकीचा शब्द’ लिहिलं आणि पुढची वही घेतली. गठ्ठा मोठा होता, पण ती काही सबब नव्हे. तिला म्हणायचं होतं की त्या माणसांच्या वागण्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. उपकार केल्याची भावना नाही, कंटाळा नाही. तिनं डिक्शनरीत ‘पूर्ण’ शोधलं आणि मिळाला तो शब्द घेतला.

त्या अर्थाला इंग्रजीत शब्द आहे: शीअर. त्याचा जुना अर्थ लख्ख, स्वच्छ. मग निर्भेळ, मग ‘निव्वळ’. आपणही ‘शुद्ध मूर्खपणा’ म्हणतो तेव्हा शुद्धचं हेच झालेलं असतं. पण शीअर चांगल्याबरोबरही तितकाच सहज नांदतो. शीअर जॉय, निखळ आनंद. एवढं मात्र लक्षात ठेवा की अटर काय, शीअर काय, या अर्थानं दोघंही नामाच्या आधीच बसतात. ‘द काइंडनेस वॉज शीअर’ असं होत नाही.

आता कुणी वही पुढं करून तो प्रश्न विचारला की मी फळ्यावर आधी त्या मुलीचं वाक्य लिहिते. अटर पुसते, शीअर लिहिते. मग त्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगते, आणि पोतं, अक्षता, पूल त्याच्यानंतर.