पाच टायनी८५ आणि शंभर मायक्रोसेकंद

मेल्या असं धरून चाललेल्या पाचही टायनी८५ (एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपा) काल रात्री पावणेदोनला शुद्धीवर आल्या. एव्हीआरडूडने (चिपांवर प्रोग्रॅम चढवायचं सॉफ्टवेअर) चिपची ओळख सांगणारी सिग्नेचर १ई९३०बी छापली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की आईने आतून विचारलं, "शॉक बसला का रे?"

या चिपा कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या माझ्या बॅटरीवरच्या सेन्सरसाठी. तर त्याची सर्किट बोर्डं आली, आणि झकास आली. सीआर२०३२ या बटण-बॅटरीच्या होल्डरचा फूटप्रिंट (बोर्डावरची जागा) कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधून कागदावर एकास एक छापून त्यावर खरा होल्डर ठेवून पाहिला होता, त्यामुळे तो अगदी चपखल बसला. ईगल या तशाच सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतलं बोर्डासाठीचं ८० चौरस सेंटिमीटरचं अंगण आता आठवतही नाही.

मग मी माती खाल्ली. बॅटरी टिकावी म्हणून चिपचा क्लॉक (कामाचा ठेका) आतल्या १२८ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर न्यायचा ठरवला. फ्यूज कॅल्क्युलेटरमध्ये (फ्यूज म्हणजे चिपमध्ये टिकून राहणाऱ्या सेटिंग्ज) क्लॉक बदलला, पण आठने भागायची खूण तशीच राहिली. लो फ्यूज ई४ जायला हवा होता, गेला ६४. म्हणजे चिप चालणार १६ किलोहर्ट्झवर. त्यात मी शहाणा, पाचही चिपांना एका दमात तेच लिहून मोकळा. लिहिताना एकीनेही कुरकुर केली नाही, कारण नवा फ्यूज प्रोग्रॅमिंग मोडमधून बाहेर पडल्यावरच लागू होतो. त्यानंतर मात्र सगळ्या मुक्या.

आयएसपीचा (चिप बोर्डावरच ठेवून प्रोग्रॅम करायची पद्धत) एससीके, म्हणजे डेटाला ठेका देणारा सिग्नल, चिपच्या क्लॉकच्या चौथाईहून कमी हवा, म्हणजे इथे ४ किलोहर्ट्झच्या खाली. एव्हीआरडूडला बी ऑप्शन देऊन वेग उतरवायला गेलो, तर माझा यूएसबीएएसपी प्रोग्रॅमरचा स्वस्त क्लोन (नक्कल) म्हणतो, एससीके बदलता येत नाही, फर्मवेअर अपडेट करा. असे क्लोन जुनंच फर्मवेअर घालून विकतात. घ्यायचाच असेल तर दुकानातच विचारा. मग त्यावरचा जेपी३ जंपर लावला. त्याने एससीके साधारण ८ किलोहर्ट्झवर येतो. अजूनही दुप्पट.

इथे माझं डोकं भलतीकडे गेलं. १२ व्होल्टचा हाय व्होल्टेज प्रोग्रॅमर करायचा म्हणून बूस्ट मॉड्यूल शोधून काढलं, ट्रान्झिस्टर काढले, आणि मग लक्षात आलं की रिसेटची पिन बंद करणाऱ्या फ्यूजला मी हातच लावलेला नाही, म्हणजे १२ व्होल्टची गरजच नाही. सगळं परत डब्यात.

मग आर्डुइनो ऊनो बोर्ड काढला, त्याला प्रोग्रॅमर बनवणारं आर्डुइनोआयएसपीचं स्केच (प्रोग्रॅम) चढवलं, रिसेटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्केचमध्ये एसपीआय क्लॉकची (एससीकेच्या वेगाची) एक ओळ असते, तिथे १६००० भागिले ६ टाकलं. हा आकडा खाली गेला की स्केच आपोआप बिटबँगिंगवर, म्हणजे सॉफ्टवेअरनेच पिना हलवण्यावर, जातं. फार छान सोय. चालवलं. सिग्नेचर शून्य शून्य शून्य.

दोन संध्याकाळी यातच गेल्या. वायरी बदलल्या, चिपला धरणारी एसओआयसी क्लिप घासली, कपॅसिटर बदलला. शेवटी आठ चॅनेलचा तो चिमुकला लॉजिक अ‍ॅनालायझर लावून तारांवरचे सिग्नल दाखवणारं पल्सव्ह्यू उघडलं. एससीके व्यवस्थित, अडीच किलोहर्ट्झच्या आसपास. एमआयएसओ, म्हणजे चिपच्या उत्तराची तार, सपाट. आणि सुरुवातीचा रिसेटचा पल्स? केसाएवढा. मोजला तर १०० मायक्रोसेकंद.

डेटाशीट सांगते, हा पल्स किमान दोन क्लॉक सायकलचा हवा. १६ किलोहर्ट्झला दोन सायकल म्हणजे १२५ मायक्रोसेकंद. स्केचमध्ये हा पल्स देणाऱ्या ओळीच्या वरच कॉमेंट आहे: १०० मायक्रोसेकंद २० किलोहर्ट्झच्या वरच्या चिपांना पुरे. मी ती ओळ याआधी निदान दहा वेळा नजरेखालून घातली असेन! १०० चे १००० केले आणि पहिल्याच फटक्यात सिग्नेचर आली.

चार चिपांचा लो फ्यूज परत मूळचा ६२ केलाय. लिहिता लिहिताच वाटतंय, १२८ किलोहर्ट्झचा अट्टहास मुळातच चुकीचा होता. चिप पॉवर डाउनमध्ये झोपवायची, आतल्या वॉचडॉग टायमरने दर ८ सेकंदांनी उठवायची, एक रीडिंग घेऊन परत झोप. मग क्लॉक काहीही असेना का. पुढच्या बोर्डावर आयएसपीचे सहा पॅडही घेणार; क्लिप धरून माझा अंगठा बधिर झालाय.

पाचवी चिप मुद्दाम ६४ वरच ठेवलीय. यूएसबीएएसपीवर नवं फर्मवेअर चढवलं की ती ५०० हर्ट्झवर बोलते का ते बघायचंय. फर्मवेअर बदलायला लागणाऱ्या जेपी२ जंपरच्या जागी क्लोनवर नुसते दोन पॅड आहेत, तिथे तार सोल्डर करावी लागेल. माझ्या सोल्डरिंग गनची टिप त्या कामाला जाडी पडते, म्हणून उद्या पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चक्कर.