सोडवू नका, सुटेल का ते सांगा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "शाळेविषयी चार शब्द लिही" असा समितीचा फोन आला. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. गॅदरिंग, पावसात गळणारी पत्र्याची शेड, फाटकाबाहेरच्या चिंचा-बोरे, सगळे येईल. मी गणिताच्या बाईंबद्दलच लिहिणार. कोणत्या बाई ते सांगायला नको. आपल्या शाळेत नुसते 'बाई' म्हटले की त्याच.

बाईंचा खरा तास म्हणजे ऑफ तास. कुणी शिक्षक रजेवर असले की त्या आपणहून वर्गावर यायच्या, हातात फक्त हजेरीपट. फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहायचे, त्याखाली माहितीच्या दोन ओळी. मग म्हणायच्या, "सोडवू नका. पहिल्या ओळीवर सुटेल का, दुसरीवर सुटेल का, दोन्ही मिळून सुटेल का, की तरीही नाहीच, एवढंच सांगा." उत्तर काढायचे नाही हे गणित कसले, असे आम्हांला वाटे.

नववी क मधला एक तास मला अजून आठवतो. एका मुलीने 7 रुपयांच्या काही वह्या आणि 5 रुपयांची काही पेने घेतली, तर वह्या किती? पहिली ओळ : एकूण 41 रुपये झाले. दुसरी ओळ : वह्या-पेने मिळून 7 नग. दोन चलांची समीकरणे नुकतीच शिकून झालेली. अख्खा वर्ग ओरडला, "दोन्ही ओळी लागतील!" बाईंनी हजेरीपटाने दुसरी ओळ झाकली आणि विचारले, "दुकानदार अर्धी वही देतो का गं?" मग 41 मधून 7, 14, 21, 28, 35 वजा करत गेलो. 5 ने पूर्ण भाग गेला तो फक्त 21 वजा केल्यावर. वह्या 3, पेने 4. एकटी पहिली ओळ पुरेशी! मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "बाई, ही फसवणूक आहे." बाईंनी 41 पुसून 59 केले आणि 7 नगांचे 9. आता नुसत्या 59 वर 2 वह्या-9 पेने जमते आणि 7 वह्या-2 पेनेही जमते, म्हणजे दुसरी ओळ लागलीच. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, पण बाई फळ्यापासून हलल्या नाहीत.

'क्ष हा पूर्णांक सम आहे का?' आणि खाली 'क्ष चा वर्ग विषम आहे', असाही एक प्रकार असे. वर्ग विषम म्हणजे क्ष विषम, म्हणजे उत्तर 'नाही'. आणि ठाम 'नाही' म्हणता आले, की माहिती पुरेशी. हे पचायला मात्र वेळ लागला.

पुढे जीमॅट ही एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा दिली. तेव्हा गणिताच्या भागात 75 मिनिटांत 37 प्रश्न असत आणि त्यांतले बरेच 'डेटा सफिशियन्सी'चे, म्हणजे माहिती पुरेशी आहे का एवढेच विचारणारे, बाईंच्याच प्रकारचे. पाच पर्याय प्रत्येक वेळी तेच : ए म्हणजे फक्त पहिले विधान पुरेसे, बी फक्त दुसरे, सी दोन्ही मिळून, डी दोन्हींपैकी कोणतेही एकटे, ई तरीही नाहीच. क्लासमध्ये 'एडी-बीसीई' घोटून घेत : पहिले विधान पुरेसे असेल तर ए किंवा डी, नसेल तर बी, सी, ई. दुसरे विधान तपासताना पहिले डोक्यातून काढून टाका, असे तिथले सर परोपरीने सांगत. आमच्या बाईंना त्यासाठी एक हजेरीपट पुरायचा. 2023 पासून जीमॅटचे रूप बदलले. हा प्रकार आता 'डेटा इनसाइट्स' नावाच्या भागात गेला असून तिथे स्क्रीनवर कॅल्क्युलेटरही देतात. जिथे उत्तर काढायचेच नाही तिथे त्याचा काय उपयोग, कोण जाणे.

आज मी मुंबईत एका बँकेच्या उद्योग-कर्ज विभागाची प्रमुख आहे. हाताखालची हुशार मुले कर्जदाराकडे आणखी एक कागद, आणखी एक कागद मागत बसतात आणि हवे ते ताळेबंदातच दिसत असते. मग केबिनमध्ये बोलावून त्यांना ते वह्या-पेनांचे उदाहरण घालते. एमबीए झालेलेसुद्धा "दोन्ही लागतील" असेच म्हणतात!

माझी भाची आता आपल्याच शाळेत नववीला आहे. ऑफ तासाला स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावतात म्हणे. सोयीचे असेल, पण मला रुचत नाही. 'शाळेसाठी काय करू शकाल' असेही समितीने विचारले आहे. देणगी पाठवली आहे. त्याखेरीज महिन्यातून एका शनिवारी मी यायला तयार आहे, नववीचा एखादा तास मला द्यावा. खडू मी आणीन.